कोळसा धुण्याचा आपला वाद

लातूर

प्रिय बाळू,

तुझी दोन पत्रं आली आणि मी गप्प बसलो, मनाला फार लागलंय ते. इकडे सगळे बरे, गुडघा आहे तसाच. आज लिहितोय ते जर्मनीतल्या एस्सेनचं रूर म्युझियम पाहून आलो म्हणून. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तिथली त्सोलफेराइनची कोळसा खाण 1986 साली बंद पडली. तिथल्या कोळसा धुण्याच्या इमारतीत 2010 पासून रूर प्रदेशाचं हे संग्रहालय आहे. 58 मीटर लांब सरकत्या जिन्यानं थेट 24 मीटर उंचीवर नेतात, मग मजला-मजला खाली उतरायचं. कच्चा कोळसाही असाच आधी वर चढवत आणि धूत-धूत खाली आणत. यंत्रं जागच्या जागी आहेत.

मी जिगपाशी, म्हणजे कोळसा आणि दगड वेगळे करणाऱ्या यंत्रापाशी, अडकलो. जाळीवर कोळशाचा थर, हवेच्या दाबानं पाणी त्यातून वर-खाली होतं. दर उसळीला थर सैल होतो. कोळशाची घनता 1.3 च्या आसपास, दगडाची 2.5, त्यामुळे दगड तळाला बसतो आणि कोळसा वर राहतो. तुझी आई तांदूळ रोळायची ना, तस्सं!

आपला कोळसा धुऊन फारसं काही साधत नाही, पाणी मात्र जातं, असं तू म्हणालास तेव्हा मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. बाळू, तू बरोबर होतास. तिकडच्या कोळशात दगडाचे पट्टे बरेचसे वेगळे असतात, फोडले की सुटतात. आपल्या गोंडवाना खडकांतल्या कोळशात माती कणाकणांत मुरलेली, धुतला तरी बरीच राख आतच राहते. आणि परळीच्या ज्या औष्णिक वीज केंद्रात 2013 च्या दुष्काळात पाण्यावाचून संच थांबले, तिथं पाण्याचा मुद्दा कोण खोडणार? माझं एवढंच खरं, की खाणीवरच धुतला तर सुटा दगड वॅगनीतून वाहून आणावा लागत नाही आणि कोळसा दळणाऱ्या मिल कमी झिजतात.

पण काळजी वेगळीच लागलीय. वीज केंद्रातलं जुनं सामान लिलावात गेलं की आपल्याकडे दाखवायला काय उरेल? कोळसा फोडणाऱ्या क्रशरची एक नवी रिंग आणि एक झिजलेली शेजारी-शेजारी ठेवायला हवी, म्हणजे 20 मिलिमीटरऐवजी मोठी ढेकळं पुढे का जातात ते पोरांना डोळ्यांनी दिसेल. कोळसा वाहणारा हातभर पट्टा, एक आयडलर (पट्ट्याखालचा रोलर), कोळसा खाली सोडणाऱ्या चूटचा तो कोपरा जिथं पावसाळ्यात ओला चुरा चिकटून बसायचा. काढण्याआधी प्रत्येक नेमप्लेटचा फोटो, बोल्टांवर रंगानं नंबर. आणि आयडलर जाम होण्याआधी कसा कर्र वाजतो, हे कुठल्या पाटीवर लिहिणार? तो जाम झाला की पट्टा घासून तापतो, खाली भुकटी साठलेली असली की आग. वॅगन उलटी करून रिकामी करणाऱ्या टिपलरवर काम केलेली आपली माणसं अजून आहेत. त्यांना यंत्रापाशी उभं करून बोलतं करायला हवं, खुर्चीत बसवून नाही. हात लावल्याशिवाय त्यांना आठवायचं नाही.

सुमीच्या लग्नाची तारीख कळव. वहिनींना नमस्कार, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

रिंगांचं मात्र याच आठवड्यात बघ. भंगारात सगळ्यात आधी त्याच उचलतात.

तुझा,
अण्णा