तळखडे गाडू नका

संपादक महोदय,

पावसाळा सरला की गावोगाव जुन्या घरांची डागडुजी निघते. हात घालण्याआधी आमची चूक ऐकावी, म्हणून हे पत्र.

वाईत आमचा एका चौकाचा वाडा आहे. खाली पातळ विटा, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब. १९९४ मध्ये मुलाच्या मुंजीच्या निमित्ताने आम्ही घर 'नवे' केले. ओसरीवर कोबा घालून मोझॅकच्या फरशा बसवल्या, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला. पाहुण्यांनी कौतुक केले. पाच-सहा वर्षांत भिंतींना लोणा लागला, म्हणजे पांढरे क्षार फुटू लागले. दर दिवाळीला रंग द्यायचा, होळीपर्यंत पापुद्रे. आम्ही रंगाऱ्याला बोल लावत राहिलो.

गेल्या वर्षी फरशी उखडली तेव्हा उलगडा झाला. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून खांबाखाली दगडी तळखडा असतो. आमचे चारही तळखडे कोब्याखाली गाडले गेले होते. एका खांबाच्या बुडाशी सुताराने पटाशी लावली, ती चहात बुडवलेल्या पावात जावी तशी आत गेली. भिंतींचेही तेच. जोत्यातून चढणारी ओल चुन्यातून हवेत निघून जाते. सिमेंटने वाट अडवली की ती आतच मुरते.

ठेकेदार म्हणाला, "काकू, खांब काढून आरसीसी करू, वरून लाकडी पट्ट्या मारू. वाड्याचा लूक तसाच राहील." लूक! त्याला चहा देऊन वाटेला लावले. सुताराने जॅक लावून तुळई तोलली, कुजलेला दीड फूट कापला आणि पडलेल्या गोठ्यातल्या जुन्या सागवानाचा तुकडा तिथे सांधला. विजेच्या तारा भिंतीला झिऱ्या न मारता लाकडी पट्ट्यांतून नेल्या. माझे गुडघे गेलेत, कमोड हवाच होता. पण न्हाणीघर मागे गोठ्याच्या जागी स्वतंत्र भिंतींवर बांधले. मातीच्या भिंतीला नळ टेकवलेला नाही.

गिलावा पुन्हा चुन्याचा करायचे ठरवले, आणि खरी अडचण पुढेच आली. चुना मिळतो, गवंडी मिळत नाही. चुना भिजवून मुरवायचा, पातळ थर द्यायचे, प्रत्येक थरावर दिवसचे दिवस पाणी मारायचे. एवढा धीर कोणाला परवडत नाही. दोन महिने शोधल्यावर सत्तरीचे एक मिस्त्री भेटले. हाताखाली शिकणारा कोणी नाही. इथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रे पाहायला गाड्या भरून लोक येतात, आणि त्याच तालुक्यात चुन्याचा हात असलेला माणूस हुडकावा लागतो.

आयटीआयमध्ये गवंडीकामाबरोबर चुन्याचे कामही शिकवावे आणि अशा मिस्त्र्यांना मानधन देऊन बोलवावे, एवढे आपल्या पत्रातून संबंधितांच्या कानावर घालावे. आमचे मिस्त्री शिकवायला तयार आहेत. फक्त होळीपर्यंत थांबावे लागेल. आमची मागची भिंत अजून व्हायची आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)