पसरणी घाटाची शर्यत

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्रच लिहिते आहे. डिसेंबरात आपल्या वाईतून पाचगणीपर्यंत सायकलींची घाटशर्यत आहे. नाव द्यावं की नाही, हे अजून ठरत नाहीये. दुसरा कुठला घाट असता तर तुम्हाला कळवलंही नसतं. पण पसरणीत बाबांनी एसटीची अर्धी नोकरी काढली, तिथे परस्पर नाव देणं जिवावर येतं.

आधी आईचं म्हणणं. माझं वय झालं, हे मान्य. गुडघे अजून कुरकुरत नाहीत. सीट योग्य उंचीवर असली आणि हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवले, की त्यांच्यावर फार ताण येत नाही. बाबांना स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. तसं मी घेतलं आहे, टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, व्यवस्थित आली. आणि त्या तंग चड्डीबद्दल म्हणशील, तर वर लांब टीशर्ट घालीन. बाजारपेठेतून जाताना मान खाली घालावी लागणार नाही तुला.

बाबा, तुमची भीती वेगळी आहे, घोळक्यात पडण्याची, आणि ती मला पटते. त्याच दिवशी दुसरी शर्यत आहे, सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत, सगळे एकदम सुटणार. त्यात मी नाही. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते, म्हणून सगळे चाकाला चाक लावून पळतात आणि एक पडला की मागचे पाच-सहा त्याच्यावर. घाटात तसं नसतं. चढावर वेगच इतका कमी की वारा फारसा आड येत नाही, मग कुणाच्या मागे लपून उपयोग काय? इथे तर एकेकाला मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सोडणार आहेत. दहा-बारा किलोमीटर, साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, आणि ज्याचा त्याचा दम. सुरुवात साडेसहाला, म्हणजे महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत बहुतेक जण वर पोचलेले असतील.

उतरायचं काय, हे तुम्ही विचारणारच. ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकलंय. सायकलीला इंजिनाचा आधार नाही, सगळा भार दोन ब्रेकांवर. मी विचारून ठेवलंय, हवं त्याची सायकल टेम्पोत टाकून खाली आणणार आहेत. मी टेम्पोनेच येईन.

मग अडलंय कुठे? खरं सांगू, निकालाच्या यादीवर. आजवर मी केल्या त्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब पल्ला पुरा करायच्या सायकलफेऱ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, बस. आठ तासांत पोचलेला आणि शेवटच्या मिनिटाला पोचलेला, दोघंही सारखेच, कुणाला नंबर नाही. मला ते फार आवडतं, अजूनही. घाटशर्यतीत मात्र सेकंदासकट यादी लागणार, आणि बायकांचा गट एकच. सांगली-कोल्हापूरकडच्या विशीतल्या पोरी येतील, त्या मला कुठल्या कुठे मागे टाकतील. चाळिशीच्या पुढच्यांचा गट पुरुषांना ठेवलाय, बायकांना नाही. हे मला खटकतं आणि तसं आयोजकांना कळवलंय. ते बघू म्हणाले. बघतील असं वाटत नाही.

तरीही मन तिकडेच ओढतंय. महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांत मिळून सायकलवर अमेरिका नऊ दिवसांच्या आत पार केली, तेव्हा बाबांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. "नाशिकचे डॉक्टर आहेत" हे दोनदा. मला काही अमेरिका नको. जिथे गाडी लागू नये म्हणून मी तुमच्या केबिनमध्ये बसायचे, तो घाट मी किती वेळात चढते, एवढं घड्याळाने सांगावं. शेवटचा नंबर आला तर शेवटचा.

म्हणजे लिहिता लिहिता ठरलंच म्हणा. शुक्रवारी नाव देते. आई, आदल्या रात्री मुक्कामाला येईन. आमटी-भातच कर, तिखट काही नको, भाकरीचा आग्रह शर्यतीनंतर. आणि बाबा, दत्तमंदिराच्या वर भरलेली गाडी कुठल्या वळणाला पहिल्यात टाकायचात, ते आठवून सांगा. माझा सगळ्यात हलका गिअर म्हणजे मागची बत्तीस दातांची चक्री, त्याच्याखाली उतरायला जागा नाही.

तुमची,
नंदा