बावची आणि मे महिन्याचे ऊन : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सादर नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझ्या मावशीला वीस वर्षांपासून सोरायसिस हा त्वचारोग आहे. गेल्या मे महिन्यात तिने आठवडे बाजारातून बावचीच्या बियांची पूड आणली, तेलात कालवून कोपरांना आणि नडग्यांना लावली आणि वाळत घातलेल्या पापडांची राखण करत दुपारभर अंगणात बसली. दोन दिवसांनी नडग्यांवर पाण्याने भरलेले टपोरे फोड आले. वापरण्याआधी कुणाला विचारले का, असे मी म्हणालो, तर ती म्हणाली, “झाडपाला शे, काय व्हई?”

बावची निरुपयोगी असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. तिच्या बियांत सोरालेन असते. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी एरवीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. सोरालेन अतिनील किरणांच्या साहाय्याने पेशींतील डीएनएला जखडून ती वाढ रोखते. सोरालेन गटातील औषध आणि अतिनील किरण यांची जोड १९७४ पासून जगभर सोरायसिसवर वापरली जाते, परंतु तेथे औषध मिलिग्रॅममध्ये आणि किरण यंत्रावर मोजून दिले जातात. आमच्याकडे पूड चमच्याने घेतली जाते आणि ऊन खान्देशचे असते.

वनस्पतीपासून खात्रीचे औषध होण्याचा मार्ग जुना आहे. ब्राझीलमधील अरारोबा झाडाची भुकटी पोर्तुगिजांमार्फत गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे १९१६ मध्ये डिथ्रॅनॉल तयार झाले आणि ते सोरायसिसवर आजही वापरले जाते. हळदीतील कर्क्युमिन दाह वाढवणारे संदेश दाबते, हे प्रयोगशाळेत दिसते. पण ते पाण्यात विरघळत नाही आणि त्वचेत नीट शिरत नाही, म्हणून घरच्या लेपाकडून तेवढ्या परिणामाची अपेक्षा धरता येत नाही. शिवाय झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असे नाही : ज्या सातपुड्यात त्वचेला तेल लावण्यासाठी वापरला जाणारा करंज आहे, तेथेच बिब्बाही आहे, आणि त्याच्या रसाने अंगावर कसे चट्टे उठतात हे येथे लहान मुलालाही ठाऊक आहे.

दुसरीकडे, स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी आमच्या भागात ती आजही मागितली की मिळतात. ती काही दिवस आराम देतात, पुढे त्वचा पातळ करतात. हे मलम आणि बाजारातील पुडी यांच्यामध्ये रुग्णाला तपासलेले, परवडणारे असे काही हवे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग विभाग आणि जळगावच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ यांना एकत्र बसवून बावची आणि करंज या दोन वनस्पतींपासूनच आरंभ करावा. मलमाच्या प्रत्येक खेपेतील औषधी द्रव्याचे प्रमाण मोजलेले असावे, आणि रुग्णाच्या संमतीने एका कोपराला नवे मलम व दुसऱ्याला नेहमीचे औषध लावून, कोणते कोठे लावले हे तपासणाऱ्या डॉक्टरांना न सांगता तुलना व्हावी. यातून औषध निघाले, तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे धडगाव-अक्कलकुव्यातील ज्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांचे ज्ञान व वनोपज वापरले जाईल त्यांना त्यांचा वाटा मिळावा.

तोपर्यंत निदान एवढे करावे : बावची लावून उन्हात बसू नये, हे आशाताईंमार्फत मार्चपूर्वी गावोगाव सांगितले जावे. मावशीच्या नडग्यांवरचे काळे डाग अजून गेलेले नाहीत आणि बाजारात ती पुडी अजूनही मिळते.

आपला विश्वासू,
एक वनस्पतिशास्त्र शिक्षक, शिरपूर तालुका, जि. धुळे