छकुलीच्या लग्नाआधी एक रक्ततपासणी

प्रिय आई-बाबा,

बॉस्टनला थंडी पडायला लागलीय, मी मजेत आहे. आई, तू परवा फोनवर विचारलंस ना की दिवसभर हातमोजे घालून बर्फाच्या डब्यापाशी बसून मी करते तरी काय, तेव्हा घाईत होते म्हणून आता नीट लिहिते.

पेशीत डीएनएवरून आधी आरएनएची लांबलचक कच्ची प्रत निघते, पण तिच्यात मधेमधे प्रोटीनसाठी नको असलेले तुकडे असतात, ते पेशी स्वतःच कापून टाकते आणि उरलेलं जोडते, यालाच स्प्लायसिंग म्हणतात आणि माझं काम यावरच चालतं. १९७७ मध्ये इथल्याच एमआयटीत फिलिप शार्प आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्स यांना हे एका व्हायरसमध्ये सापडलं, १९९३ ला दोघांना नोबेल मिळालं.

आता हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारा बीटा ग्लोबिन जीन बघा. त्यात कापायचे तुकडे दोनच, पहिला जेमतेम १३० अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं). त्यातलं पाचवं अक्षर जी असायला हवं, ते सी झालं की कापायची जागा पेशीला धड ओळखता येत नाही आणि ती आसपास भलतीकडेच कापते. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर निरोगी नमुन्याचा एकच ठळक पट्टा दिसतो, या नमुन्यात तोच पट्टा एकदम फिकट आणि त्याच्या खालीवर नको ते पट्टे. एवढ्याशा बदलापायी, तो आई आणि वडील दोघांकडूनही आला तर, लेकरांना दर काही आठवड्यांनी आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, हे मनात आलं की फार वाईट वाटतं. या आजाराला बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि भारतात त्याच्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो हाच बदल, आपल्याकडे महाराष्ट्रातही.

म्हणून बाबा, छकुलीचं लग्न ठरवायच्या आधी तिची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए-टू (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण) तपासणी करून घ्याच. लोहाच्या गोळ्या खाऊनही तिचं हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणता, मग तर नक्कीच. नुसती कॅरिअर असली, म्हणजे असा बदल आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेला असला, तर तिला स्वतःला काही धोका नाही, पण नवराही कॅरिअर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार व्हायची शक्यता २५ टक्के. आत्या म्हणतील मुलीत खोट आहे असं लोकांना वाटेल, त्यांना सांगा मी स्वतः बोलते.

एचबीए-टू साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर कॅरिअर असू शकते, पण लोह कमी असलं की आकडा खाली दिसतो, त्यामुळे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच आणि मलाही लगेच व्हॉट्सअ‍ॅप करा.

तुमची,
मनू