जातगणनेत आमची पालं सुटू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या सेटलमेंट भागात राहतो, जातीनं कैकाडी. जानेवारीत महापालिकेचं इलेक्शन झालं तेव्हा झाडून सगळ्या पक्षांची माणसं आमच्या गल्लीत येऊन गेली, चार-पाच दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर बोलली, ड्रेनेजवर बोलली, ते बोलायलाच पाहिजे, पण फेब्रुवारी २०२७ ला जनगणना होणार आणि तिच्यात १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात लिहिली जाणार, याच्यावर एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्यासाठी हा विषय पाण्याइतकाच मोठा आहे म्हणून हे पत्र लिहितोय.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या, पुढं त्यात आमचीही माणसं आली. सोलापुरात तारेचं कुंपण घालून आत ठेवलं, तीच ही सेटलमेंट. आजी सांगायची, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, घरात बाळंतीण असली तरी हजेरी चुकवायची सोय नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला, आम्ही सुटलो ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून आमच्याकडे तो दिवस विमुक्त दिन म्हणून करतात. म्हणजे सरकारनं आम्हाला रोजच्या रोज मोजलं, पण पळून जाऊ नये म्हणून. काहीतरी द्यायचंय म्हणून आजपर्यंत एकदाही मोजलं नाही.

रेणके आयोगानं २००८ ला देशभरात विमुक्त-भटके पावणेअकरा कोटींच्या आसपास असतील असा अंदाज दिला, नंतर इदाते आयोगाचा रिपोर्ट आला, दोन्ही अध्यक्ष आपल्या महाराष्ट्रातले, दोघांनीही कष्ट घेतले, पण पक्का आकडाच नाही तर बजेटमध्ये भांडणार कशाच्या जोरावर? राज्यात आम्हाला व्हीजे-ए, म्हणजे विमुक्त जाती म्हणून ३ टक्के आरक्षण आहे, भटक्यांचे तीन गट धरून सगळं मिळून ११ टक्के, दिल्लीत मात्र वेगळा गटच नाही, माझी मुलगी राज्याच्या फॉर्मवर व्हीजे लिहिते आणि रेल्वेच्या फॉर्मवर ओबीसी. झेडपी-महापालिकेतपण आम्हाला वेगळी जागा नाही, ओबीसींच्या २७ टक्क्यांतच उभं राहायचं, तिथं आमच्या माणसाला तिकीट कोण देणार.

आणि त्याहून मोठा अन्याय सांगतो. माझी आत्या अकोल्याला दिलीय. तिकडं विदर्भात कैकाडी एससीत आहेत, इकडं आम्ही विमुक्त जातीत. आत्याचा नातू एससी, माझी मुलगी व्हीजे, जात तीच, बोली तीच, सोयरिकी एकमेकांत. हे क्षेत्रीय बंधन उठवा म्हणून आमची माणसं कित्येक वर्षं निवेदनं देतायत.

मुलीचा जातीचा दाखला काढताना एका ऑफिसात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागितला. माझे आजोबा शाळेत कधी गेलेच नाहीत, तुरकाठ्यांच्या टोपल्या-कणग्या विणत गावोगाव फिरणारा माणूस, त्यांचा कसला दाखला असणार. आठ-दहा चकरा झाल्या. शेवटी सेटलमेंटच्या जुन्या रजिस्टरमध्ये पणजोबांचं नाव सापडलं, त्यांना गुन्हेगार धरून केलेली नोंद हाच आमचा पुरावा ठरला. ते पान हातात घेतल्यावर मला वाचवेना.

आमची निदान पक्की घरं तरी आहेत. खरी काळजी आहे ती पालात, म्हणजे कापडाच्या तंबूत राहणाऱ्यांची, नंदीवाले, गोसावी, डोंबारी, मसणजोगी. फेब्रुवारी म्हणजे जत्रांचे आणि वीटभट्टीचे दिवस, कुठलं बिऱ्हाड कुठल्या गावाच्या शिवारात असेल सांगता येत नाही. २०११ ला बेघर लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं, भिक्षा मागायला गेलेली माणसं होती ती. तेव्हापासून रात्री पालाकडं टॉर्चचा उजेड आला की बाया आधी पोरं जवळ ओढतात, ज्याला जमेल तो अंधारात सरकतो. अशा ठिकाणी अनोळखी प्रगणक रात्री जाऊन जात विचारणार असेल तर कोण थांबणार आणि काय सांगणार?

म्हणून जिल्हाधिकारी साहेबांना विनंती आहे की पालं कुठं पडतात ते आत्ताच गावोगावच्या पोलीस पाटलांकडून लिहून घ्या, आणि मोजणीला जाताना त्याच समाजाचा एखादा शिकलेला पोरगा बरोबर द्या. केंद्रानं विमुक्त-भटक्यांना वेगळा कोड द्यावा आणि एकाच जातीची दहा गावची दहा नावं एकत्र धरावीत, नाहीतर आमचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा आकड्यात बारीक दिसेल.

आमच्या समाजबांधवांनाही सांगणं आहे, नुसतं आडनाव सांगू नका, लाजून दुसरी जात सांगू नका, कैकाडी असाल तर कैकाडी सांगा, आणि मातृभाषेच्या रकान्यात प्रगणक आपल्या मनानं मराठी लिहायला लागला तर थांबवा, घरात आपण कैकाडीच बोलतो ना?

आमच्या कॉलनीतली सात-आठ पोरं-पोरी या कामाला तयार आहेत, त्यात दोघी डी.एड. झालेल्या आहेत. त्यांनी कुठं आणि कुणाला भेटायचं एवढं तरी प्रशासनानं आपल्या पेपरातून कळवावं.

आपला,
एक वाचक, सोलापूर