पूर ओसरला की मॉकड्रिलही ओसरतं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सांगलीत सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, तिथं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे पोरंसोरंही सांगतील. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण पाणी वाढायला लागल्यावर गल्लीतल्या कुणी नक्की काय करायचं हे विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात!

त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. बोटीत किती जण, आधी कोण, लाईफ जॅकेट कसं बांधायचं, हे ऐन पुरात घाबरलेल्या लोकांना शिकवता येत नाही हो, ते मे महिन्यातच शिकवायला लागतं.

आपत्तीत मदतीला धावणारे लोक गावोगावी तयार करायची सरकारची 'आपदा मित्र' योजना आहे, ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक, १२ दिवसांचं ट्रेनिंग, चांगलीच आहे. पण आपल्या गल्लीतला आपदा मित्र कोण हे किती जणांना माहितीय? माझं म्हणणं, गणेश मंडळांना धरा. पोरं आहेत, दोरखंड आहेत, स्पीकर आहे, वर्गणीमुळे घरन्‌घर माहितीय. अंथरुणाला खिळलेली आजी कुठल्या घरात, ट्रॅक्टर कुणाकडे, मीटरचा मेन स्विच कोण बंद करणार, गोठ्यातली जनावरं कधी सोडायची, ही यादी त्यांनीच करावी आणि महापालिकेने पावसाळ्याआधी एक रविवार प्रत्येक वॉर्डात सराव घ्यावा. फोटोपुरता नको, खरोखरचा.

एक वाचक, सांगली