सेकंडरी डीएनएसची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी

महोदय,

एखादे मोठे संकेतस्थळ पूर्णपणे बंद पडले की त्याची बातमी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु संकेतस्थळ वरकरणी सुरू असूनही काहींना ते रखडत उघडते, काहींना जुनेच पान दिसते, अशा बिघाडाची दखल सहसा कोणी घेत नाही. पर्यायी, म्हणजे सेकंडरी, डीएनएस सर्व्हर बंद पडणे हा याच प्रकारचा बिघाड आहे. नेटवर्कची देखभाल हे माझे रोजचे काम असल्याने त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता (सर्व्हरचा अंकी पत्ता) शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि एका डोमेनची माहिती एकापेक्षा अधिक सर्व्हरवर असावी हे तिच्यात सुरुवातीपासूनच गृहीत आहे. मात्र सेकंडरी हा राखीव खेळाडूसारखा बाकावर बसून असतो, हा समज चुकीचा आहे. बाहेरून विचारणा करणारा रिझॉल्व्हर, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर, प्रायमरी (मूळ माहिती ठेवणारा) आणि सेकंडरी (तिची प्रत ठेवणारा) असा भेद करत नाही. यादीतील कोणत्याही सर्व्हरला तो विचारतो. साहजिकच दोनपैकी एक बंद असेल तर काही विचारणा त्याच्याकडे जाऊन अडकतात आणि टाइमआउट झाल्यावरच, म्हणजे उत्तराची ठरलेली वेळ संपल्यावरच, दुसऱ्याकडे वळतात. ज्यांच्या रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) उत्तर आधीच आहे त्यांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे कोणी तक्रार केलीच, तर ‘आमच्याकडे तर उघडते आहे’ असे सांगून त्याची बोळवण होते, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो.

बंद पडलेल्या सेकंडरीपेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती जुनी माहिती देत राहणाऱ्या सेकंडरीची. तो ठरावीक अंतराने प्रायमरीकडील झोनचा, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदींच्या संचाचा, सिरीयल नंबर (बदलासोबत वाढणारा आवृत्ती क्रमांक) पाहतो आणि तो वाढलेला असेल तर नवी प्रत उतरवून घेतो. फायरवॉलचा एखादा नियम बदलला किंवा प्रायमरीचा पत्ता बदलला की हे झोन ट्रान्सफर थांबते. सेकंडरी मात्र एक्स्पायरची, म्हणजे प्रत ग्राह्य धरण्याची, मुदत संपेपर्यंत हाताशी असलेल्या प्रतीवरूनच उत्तरे देतो. ही मुदत दोन ते चार आठवड्यांची ठेवावी, अशी शिफारस १९९६ च्या आरएफसी १९१२ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात आहे. या काळात संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले गेले, तर काही लोक नव्या जागी पोहोचतात आणि काही जुन्या. मुदत संपली की सेकंडरी उत्तर देणेच थांबवतो आणि बिघाड आजच झाला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ काही आठवड्यांपूर्वीचे असते.

सर्व्हर कोठे ठेवले आहेत, हाही प्रश्न आहेच. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची प्रमुख संकेतस्थळे जवळपास दिवसभर अनेकांना उघडता आली नाहीत. त्यांचे चारही डीएनएस सर्व्हर नेटवर्कच्या एकाच भागात होते आणि राउटरच्या सेटिंगमधील एका चुकीने त्या सर्वांची वाट बंद झाली. सेकंडरी भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कच्या दृष्टीनेही दूर असावेत, असे आरएफसी २१८२ ने १९९७ मध्येच सांगितले होते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. ‘डिग’ ही आज्ञा वापरून प्रत्येक सर्व्हरला वेगवेगळा एसओए (सिरीयल नंबर असलेली झोनची नोंद) विचारावा आणि सिरीयल नंबर जुळतात का ते पाहावे. एका सर्व्हरवर आजच्या तारखेचा सिरीयल आणि दुसऱ्यावर दोन महिन्यांपूर्वीचा, हे चित्र मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मॉनिटरिंगचा फलक हिरवाच होता. कारण तो फक्त ‘नाव सापडते का’ एवढेच विचारत होता, आणि ते प्रायमरीच्या जोरावर सापडत होते. प्रत्येक सर्व्हरसाठी स्वतंत्र अलर्ट असावा, आणि ठरवून, पूर्वसूचना देऊन, काही वेळ प्रायमरी बंद ठेवून सेकंडरीची परीक्षाही घ्यावी. तिकीट आरक्षण, परीक्षांचे निकाल, बँकिंग अशा सेवा देणाऱ्या संस्थांना हे बंधनकारक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी एखादी सेवा खंडित झाली, तर ती पुन्हा कधी सुरू होणार एवढेच न विचारता, तिचे सर्व डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते का आणि सेकंडरीची शेवटची तपासणी कधी झाली होती, हेही संबंधितांना विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क प्रशासक